प्रश्न सहावा : खिडकीतून काय दिसतं?

संपादकांनी पत्रात लिहिलंय, 'तुम्ही बावीस वर्षं लोकांना जग दाखवलंत, त्यातलं थोडं आमच्या वाचकांनाही दाखवा.' पत्र मी मोठ्याने वाचलं तेव्हा जैनब भाजी निवडत होती. "जग दाखवलंत?" ती म्हणाली. "मला अजून गोवा दाखवला नाहीत तुम्ही." बायकोचं म्हणणं खोटं नाही. बावीस वर्षांत मी पाहिलं ते एवढंच : दापोली ते मुंबई, मुंबई ते जेद्दा, आणि दोन वर्षांनी सुट्टी मिळाली की तोच रस्ता उलटा. मक्का-मदिना झाली, ती मोठीच कमाई. पण ज्या शहरांतल्या खोल्या मी लोकांना निवडून दिल्या त्यांतलं एकही शहर मी पाहिलेलं नाही.

जेद्दाच्या शराफिया भागात आमची ट्रॅव्हल एजन्सी होती. खाली मलबारी हॉटेल, शेजारी घरी पैसे पाठवणाऱ्यांची खिडकी, समोर सोन्याचं दुकान. गल्लीत उभं राहिलं की अरबी सोडून सगळ्या भाषा ऐकू यायच्या. एजन्सीत तिकिटांची टेबलं तीन आणि हॉटेलांचं टेबल एक. त्या एकावर मी. कामाचं स्वरूप सांगतो, कारण आता फोनवर बोट फिरवून खोली घेणाऱ्या माझ्या नातवंडांना ते पटतच नाही. आमच्याकडे टेलेक्स नावाचं यंत्र होतं. मजकूर त्यावर टाइप केला की पिवळ्या कागदी फितीवर भोकं पडायची. मग परदेशातल्या हॉटेलचा नंबर फिरवायचा, पलीकडच्या यंत्राने आपली ओळख पाठवली की फीत सोडायची, आणि उत्तराची वाट बघत बसायचं. उत्तर कधी तासाने यायचं, कधी तिसऱ्या दिवशी. ते चार शब्दांचं असायचं. खोली आहे, दर अमुक, कळवा. ती खोली कशी आहे, हे टेलेक्सवर कुणी सांगत नसे.

हॉटेलांची जाडजूड डिरेक्टरी होती, पण तिच्यातली निम्मी माहिती हॉटेलवाल्यांनीच लिहून दिलेली. त्यात प्रत्येक हॉटेल शहराच्या मध्यभागी होतं आणि प्रत्येक खोली प्रशस्त होती. पहिली दोन वर्षं मी त्या पुस्तकावर विश्वास ठेवला आणि लोकांच्या शिव्या खाल्ल्या.

त्या शिव्यांतून माझी वही तयार झाली. आमच्याच भाऊबंदातला एक मराठी इंजिनिअर होता, तिकडे पूर्वेला अबकैकच्या तेलाच्या कारखान्यात. बायकामुलांना घेऊन सिंगापूरला गेला होता. परत आल्यावर कामासाठी जेद्दाला आला तो थेट माझ्या टेबलासमोर बसला. "युसुफभाई," तो शांतपणे म्हणाला, "वर्षभर मी पाइप बघतो. सुट्टीतसुद्धा तुम्ही मला पाइपच दाखवलेत. खिडकी उघडली की समोर हॉटेलचं बॉयलर!" मी ओशाळलो. त्याच आठवड्यात एक कागद टाइप करून त्याच्या प्रती काढल्या. नऊ प्रश्न होते, अरबीत आणि इंग्रजीत. परत येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो कागद आणि एक कप चहा. पायऱ्या किती? लिफ्ट चालते का? न्हाणीघरात पाण्याला जोर आहे का? दोन खोल्यांच्या मधे दार आहे का? नमाजासाठी किब्ल्याची दिशा कुणाला सांगता येते का? सहावा प्रश्न खास त्या इंजिनिअरमुळे आला : खिडकीतून काय दिसतं?

लोक आवडीने लिहायचे. एका खजुराच्या व्यापाऱ्याने पायऱ्यांच्या प्रश्नापुढे लिहिलं होतं, 'मोजल्या नाहीत, पण सासूने मोजल्या आणि रोज सांगितल्या.' हे सगळं मी शहरवार वहीत उतरवून घ्यायचो. दहा वर्षांनी अशी परिस्थिती आली की इतर एजन्सीवाले मला फोन करून विचारायचे, अमुक गावात कुठे उतरवू? त्या वहीचा मला गर्व होता, आणि आज तो नव्हता असं म्हणणं ढोंग होईल.

दुसरा गर्व होता माझ्या अदबीचा. तो मला कोया साहेबांनी शिकवला. कोया साहेब केरळचे, आमचे मॅनेजर, माझ्या आधी पंधरा वर्षं सौदीत आलेले. मी नवा असताना एका सौदी गिऱ्हाइकाला खोली देताना सहज विचारलं होतं, "आपल्या पत्नीला जिने चढवतील ना?" तो माणूस उठला, पासपोर्ट उचलले आणि निघून गेला. कोया साहेबांनी मला आत बोलावलं. "भाई, इधर औरत का कुछ नहीं पूछने का. नाम नहीं, तबियत नहीं. 'घरवाले' बोलो, बस. घरवाले कितने? खलास." मी कानाला खडा लावला. तसं मला ते परकंही नव्हतं. आमच्या गावात माझे वडील आईचा उल्लेख चारचौघांत 'मंडळी' असाच करायचे. तेव्हापासून माझ्या फॉर्मवर बाईच्या रकान्यात एक आकडा असायचा. घरचे : एक. घरचे : चार. त्या आकड्यांतल्या एकीशीही मी बोललो नाही, आणि गिऱ्हाइकं म्हणायची, युसुफ सभ्य माणूस आहे.

आता लढाईचं सांगतो. इराकने कुवेत घेतलं तेव्हापासून माझं टेबल उलटं चालायला लागलं. आधी मी खोल्या घ्यायचो, आता रद्द करायचो. जानेवारीत प्रत्यक्ष बॉम्ब पडायला लागले तसा तर कहर झाला. क्षेपणास्त्रं पडत होती ती रियाधवर आणि पूर्वेकडे, जेद्दाला नाही, पण तिकडची माणसं गाड्यांच्या टपावर गाद्या बांधून आमच्याकडे येत होती. दुकानांच्या काचांवर चिकटपट्ट्यांच्या फुल्या होत्या. आज ठरलेलं विमान उद्या निघेल की नाही हे विमान कंपनीलाही ठाऊक नसायचं. टेलेक्सची लाइन लागता लागायची नाही. दिवसभर रांगेतली माणसं माझ्यावर ओरडायची, आणि त्यांचं चुकत नव्हतं. घरून जैनबचं पत्र यायचं : परत या, मीठ-भाकर खाऊ. मी उत्तर लिहायचो : इथे काही नाही, रेडिओवाले वाढवून सांगतात. पत्र पाकिटात घालायचं त्राणसुद्धा नसायचं. त्या दिवसांतला माझा थकवा अजून अंगातून गेलेला नाही असं मला कधीकधी वाटतं.

अशा एका दुपारी अबू तलाल आले. तिकडे माणसाला मोठ्या मुलाच्या नावाने हाक मारतात. तलालचे वडील म्हणून अबू तलाल. मक्केच्या शाळेतले निवृत्त शिक्षक, सडपातळ, अंगात पांढरा स्वच्छ तोब, म्हणजे अरबी पायघोळ झगा, हातात छत्री. पावसाचं नाव नसताना छत्री, उन्हासाठी. रांगेत दीड तास उभे राहून माझ्यापुढे आले आणि म्हणाले, "जावामधल्या सोलो शहरात दोन आठवडे राहायचं आहे. घरचे : एक."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. लोक जीव वाचवायला कैरो, लंडन, मुंबई मागत होते. सोलोला कोण जातो?

"या उस्ताद, लढाई संपू दे. मग आरामात जा," मी म्हटलं. अरबीत हाक मारताना नावाआधी 'या' लावतात.

"नंतर उपयोग नाही," ते म्हणाले.

मी समजलो, यांना लढाईची भीती आहे. पुढे त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्यासारख्या माणसाच्या मानाने खूपच होतं. त्यांच्या घरच्यांचे वडील मूळचे सोलोचे. तरुणपणी हजला म्हणून मक्केत आले ते तिथेच राहिले. मक्केत अशी जावाहून आलेली घराणी पुष्कळ आहेत, त्यांना जावी म्हणतात. त्या वडिलांचं घर सोलोच्या मोठ्या मशिदीमागच्या गल्लीत होतं. गल्ली कापड छापणाऱ्यांची. गरम मेणात तांब्याचे ठसे बुडवून कापडावर मारायचे, मग कापड रंगवायचं. मुलीला मांडीवर घेऊन ते त्या गल्लीच्याच गोष्टी सांगायचे. मुलगी आता साठीला आली होती आणि तिने ती गल्ली कधी पाहिली नव्हती. "त्यांना वडिलांच्या गावात राहून यायचं आहे," अबू तलाल म्हणाले. "आत्ताच."

मी वही काढली. सोलोच्या पानावर दोनच नोंदी होत्या. एक मोठं हॉटेल, शहराबाहेर विमानतळाच्या रस्त्याला, आठ मजली, लिफ्ट, एअरकंडिशन, आणि सहाव्या प्रश्नापुढे एका गिऱ्हाइकाने लिहिलेलं : 'सकाळी डोंगर दिसतो, पाहत राहावा असा.' दुसरी नोंद हाजी सुरातमान यांनी दिलेली. हे इंडोनेशियाच्या यात्रेकरूंच्या कचेरीत काम करायचे, तिकिटांसाठी आमच्याकडे यायचे. त्यांच्या ओळखीची एक म्हातारी मशिदीमागच्या त्याच गल्लीत आपल्या घरातल्या चार खोल्या पाहुण्यांना देत असे. न्हाणीघर अंगणात, हौदातून तांब्याने पाणी घ्यायचं. तीन पायऱ्या. पंखा. खोलीला खिडकी नाही, दार अंगणात उघडतं. शेजारी छपाईचा कारखाना, सकाळपासून ठोकाठोक.

दोन्ही नोंदी मी त्यांना वाचून दाखवल्या. अबू तलाल दुसरीवर थांबले. "त्याच गल्लीत?" त्यांनी विचारलं. "ते घर मिळेल का?"

इथे मी माझा अनुभव पणाला लावला. "उस्ताद, ती जागा तुमच्या घरच्यांना योग्य नाही. न्हाणीघर बाहेर, परकी माणसं ये-जा करणार, दिवसभर आवाज. तुम्ही हॉटेलात राहा, गल्ली बघायला टॅक्सीने जा. मी तुम्हाला आठव्या मजल्यावरची डोंगराकडची खोली मिळवून देतो. काचा कायमच्या बंद, रस्त्याचा आवाजसुद्धा येत नाही."

ते थोडा वेळ छत्रीची मूठ फिरवत राहिले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, हे मला तेव्हाही कळलं. पण माझ्या मागे टेलेक्स खडखडत होता, त्यांच्या मागे चाळीस माणसं होती. "तुम्ही जाणता," ते म्हणाले, आणि सही केली.

डोंगराकडचीच खोली मिळावी म्हणून मी तीन टेलेक्स केले. त्या धामधुमीत एका गिऱ्हाइकासाठी तीन टेलेक्स! होकार आला तेव्हा महिन्याभरात पहिल्यांदा मला काहीतरी नीट केल्यासारखं वाटलं.

दहा दिवसांनी विमान कंपनीने फेऱ्या कमी केल्या आणि त्यांचं विमान अलीकडे आणलं. उद्या सकाळीच निघायचं. नवी तिकिटं घ्यायला त्याच दुपारी दोघं आली. एरवी बायका गाडीतच बसायच्या, पण ही दोघं टॅक्सीने आली होती. कचेरीच्या कोपऱ्यात पडदा लावून बायकांसाठी एक सोफा ठेवलेला होता. अबू तलाल बाईंचा हात धरून त्यांना तिकडे घेऊन गेले. हात धरून चालवतात, गुडघे दुखत असतील, मी मनात म्हटलं.

तिकिटं तयार होईपर्यंत पडद्याआड चहा न्यायचा होता. कचेरीत त्या दिवशी चहा नेणारा कुणी नव्हता, म्हणून अबू तलाल तिकिटांच्या टेबलावर सही करत असताना मीच पेला घेऊन गेलो. मान खाली घालून पेला पुढे धरला. बाईंनी हात पुढे केला तो पेल्याच्या वीतभर डावीकडे. मला वाटलं संकोच. मी पेला सरकवला. हात पुन्हा चुकला. मग बाईंनी हात तसाच हवेत धरून ठेवला, मी पेला आणून त्यात देण्याची वाट बघत.

मी पेला हातात दिला. काळ्या बुरख्यातून बाईंचा आवाज आला, मक्केच्या जुन्या बायका बोलतात तसा ठसठशीत. "तूच का तो युसुफ, ज्याने खोली निवडली?"

"हो, खाला." वयस्कर बाईला मावशी म्हणायला तिकडे हरकत नसते.

"मग सांग मला, त्या खोलीत काय ऐकू येईल?"

तोवर हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मीही कुणाला विचारला नव्हता. नऊच्या नऊ प्रश्नांत तो नव्हता. काय ऐकू येईल? एअरकंडिशनची घरघर. दुसरं काही नाही. ती काच उघडतच नाही, हे मीच वहीत लिहून ठेवलं होतं, गुण म्हणून.

'नंतर उपयोग नाही' याचा अर्थ मला त्या क्षणी कळला. लढाईशी त्याचा काही संबंध नव्हता. बाईंची नजर जात होती, किंवा गेलीच होती, आणि मी त्यांना डोंगर दाखवायला पाठवत होतो.

"विचारून सांगतो, खाला," मी म्हटलं आणि बाहेर आलो.

कोया साहेबांकडे गेलो. "साहब, उस्ताद के घरवालों को दिखता नहीं है."

"उन्होंने बताया?"

"नहीं."

"तो तुमको कैसे मालूम?" त्यांनी मान वर केली. त्यांचेही डोळे जागरणाने लाल झालेले. "युसुफ, जो बताया नहीं वो हमको मालूम नहीं. बाहर रांगा देखो. यल्ला, काम करो." रांग हा शब्द ते आमच्याकडून शिकले होते.

मी टेलेक्सवर बसलो. म्हातारीच्या घरी टेलेक्स कुठून असणार? हाजी सुरातमान यांना फोन केला. ते मदिनेला गेले होते. सोलोच्या हॉटेलचा नंबर सहा वेळा फिरवला, लाइन लागली नाही. हे सगळं मी केलं, आणि इतकी वर्षं जेव्हा जेव्हा आठवण आली तेव्हा स्वतःला हेच सांगत आलो की मी प्रयत्न केला होता. पण खरं काम टेलेक्सचं नव्हतंच. चार पावलांवर अबू तलाल उभे होते. त्यांना एवढंच सांगायचं होतं : 'उस्ताद, मी चुकलो. हॉटेलचं विसरा. विमानातून उतरलात की सरळ त्या गल्लीत जा, हा घ्या पत्ता.' एक मिनिटाचं काम. त्यासाठी मला तोंडाने म्हणावं लागलं असतं की तुमच्या बायकोचे डोळे गेलेत हे मी पाहिलं. आणि म्हणावं लागलं असतं की माझी वही चुकली.

तिकिटं घेऊन ते माझ्या टेबलाशी आले. "सगळं ठीक आहे ना, या युसुफ?"

मी म्हणालो, "सगळं ठीक, उस्ताद. आठवा मजला. डोंगराकडची खोली."

पडद्यामागून बाई म्हणाल्या, "अल्हम्दुलिल्लाह."

दोघंही गेली. मी पुढच्या माणसाचा कागद हातात घेतला.

थकलो होतो हे खरं. पण थकव्यावर ढकलणं फार सोपं आहे. थकलेला माणूससुद्धा एक वाक्य बोलू शकतो. मी मूग गिळून बसलो, कारण गप्प बसणं म्हणजे सभ्यपणा असं मी स्वतःला पटवून ठेवलं होतं. अबू तलालही तसलेच सभ्य. परक्या माणसापुढे घरच्यांच्या डोळ्यांचं कसं बोलायचं म्हणून तेही गप्प बसले होते. आम्हा दोन सभ्य पुरुषांच्या मधे ती बाई बसली होती आणि जिच्यासाठी हा प्रवास होता तिलाच खोली कशी हवी हे कुणी विचारलं नव्हतं.

ते परत आले तोवर लढाई संपली होती. शराफियात गाड्यांचे हॉर्न वाजत होते, लोक काचांवरच्या चिकटपट्ट्या नखांनी खरवडून काढत होते. अबू तलाल एकटेच आले. मी उठून उभा राहिलो, आणि माझं लक्ष त्यांच्या मागे दाराकडे गेलं.

"घरी आहेत. बऱ्या आहेत," ते म्हणाले. मग बसले आणि छत्री आडवी मांडीवर ठेवली. "या युसुफ, आता तुम्हाला सांगायला हरकत नाही. जाताना त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. आता तेही नाही. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. थोडा उजेड आहे तोवर नेऊन आणावं, असं माझ्या मनात होतं."

मी चहाचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. ते सांगत राहिले.

"हॉटेल फार चांगलं. माणसं चांगली. पण त्या हॉटेलपासून गल्ली लांब. दोनदा टॅक्सीने गेलो. उन्हाची वेळ, गर्दी, त्या घाबरल्या. तासाभरात परत फिरलो. मग बरेच दिवस खोलीतच. दहाव्या दिवशी सकाळी मला म्हणाल्या, मी माझ्या बापाच्या गावात आले आणि यंत्राची घरघर ऐकतेय. मी बॅगा भरल्या. तुम्ही वाचून दाखवलेलं ते घर लक्षात होतं. मशिदीमागे जाऊन विचारत विचारत शोधलं."

"तीन पायऱ्या होत्या," मी म्हणालो.

"हो, तीन. पहिल्या वेळी त्यांनी मोजल्या. नंतर मोजायची गरज पडली नाही." ते पहिल्यांदा हसले. "घरातल्या म्हातारीने त्यांच्या हातात तांब्याचा ठसा दिला. बोटांनी चाचपडून त्यांनी नक्षी ओळखली. वडिलांनी सांगितलेली होती म्हणे."

मी त्यांच्यापुढे नेहमीचा कागद ठेवला नव्हता, तो त्यांनीच मागून घेतला. शिक्षक माणूस, प्रत्येक उत्तर सुबक अक्षरात, ओळ न सोडता लिहिलं. कागद माझ्याकडे देताना म्हणाले, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला ठाऊक नव्हतं. मीच सांगितलं नाही. तुमचा काही दोष नाही."

तेव्हा बोलायची दुसरी संधी होती. मला ठाऊक होतं, उस्ताद. तिकिटं नेलीत त्या दुपारपासून ठाऊक होतं. हे मी म्हणालो नाही. त्यांनी माफी दिली ती मी खोट्या नावावर खिशात घातली आणि म्हणालो, "मेहेरबानी." ते छत्री उचलून गेले. ही गोष्ट मी आज पहिल्यांदा लिहितोय, त्यांना वाचता येणार नाही अशा भाषेत.

त्यानंतर मी कागदात दहावा प्रश्न घातला, काय ऐकू येतं. आणि खोली देण्याआधी विचारायला लागलो, घरच्यांना काय हवंय, त्यांनाच विचारून सांगा. एक-दोन गिऱ्हाइकं रागावून उठून गेली. कोया साहेब चिडले. मी म्हटलं, चिडू देत. पण बहुतेक जण घरी जाऊन विचारून यायचे, आणि ते स्वतःच चकित झालेले असायचे. एकाच्या बायकोला म्हणे समुद्र नको होता, तिला स्वयंपाकाची सुट्टी हवी होती. वही सुधारली. पण आधीची दहा वर्षं मी तिच्यात बायकांचे नुसते आकडेच भरले होते.

नोकरी सोडताना वही पुढच्या माणसाला दिली. अबू तलाल यांचा कागद तेवढा काढून घेतला. तो इथे दापोलीत माझ्या कपाटात आहे. संपादकांचं पत्र आल्यावर तो बाहेर काढला. जैनबने विचारलं, कसला कागद. तिला सगळं सांगितलं. चाळीस वर्षांच्या संसारात तिलाही हे सांगितलं नव्हतं. भाजी बाजूला ठेवून ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाईंनी तुम्हाला सरळ विचारलं होतं ना, काय ऐकू येईल म्हणून? मग तुम्ही विचारून सांगतो म्हणालात. सांगितलंत का?"

"नाही."

तिने कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "वाचा बघू काय लिहिलंय त्यांनी."

मी अरबी वाचून तिला मराठीत सांगितलं. पायऱ्या : तीन. पाण्याचा जोर : हौद भरलेला असतो. किब्ल्याची दिशा : विचारावी लागली नाही, मशीद मागेच. तक्रार : नाही.

सहावा प्रश्न, खिडकीतून काय दिसतं? त्यापुढे लिहिलंय : 'दहा दिवस मी तिला सांगत होतो. शेवटचे चार दिवस खिडकी नव्हती. तेव्हा तिने मला सांगितलं.'